‘अ बिगर हाऊस दॅन अवर्स’ : इंग्रजीत तुलना करताना नाम नक्की कुठे ठेवायचं?

सिन्नरकर

नमस्कार मंडळी. बरेच दिवस डोक्यात घोळतंय म्हणून शेवटी धागा काढतोय. इंग्रजीत दोन गोष्टींची तुलना करायची आणि त्यात नामही आणायचं म्हटलं की माझी गाडी हमखास अडकते. नुसतं ‘ही इज टॉलर दॅन मी’ असेल तर काही प्रश्न नाही, ते शाळेत घोटून घेतलंय. पण ‘आमच्यापेक्षा मोठं घर’, ‘इतकी चांगली संधी’, ‘तिच्याइतकी चांगली सुगरण’ असं काही लिहायचं झालं की नाम आधी का विशेषण आधी, ‘अ’ कुठे घालायचा, ‘दॅन’ कुठे, सगळाच गोंधळ.

हे आत्ता आठवायचं कारण सांगतो. मागच्या महिन्यात परदेशातल्या क्लायंटला मेल टाकला, ‘वुई नीड मोअर एक्सपीरियन्स्ड टेस्टर्स.’ मला म्हणायचं होतं की टीममधे चार चांगले टेस्टर आहेत, तसेच अजून दोन द्या. समोरच्याने वाचलं की आहेत ते पुरेसे अनुभवी नाहीत. दुसऱ्या दिवशी त्याने चौघांचे बायोडेटा मागवले! त्यातली एकजण नऊ वर्षं हे काम करतेय. तिने तो मेल वाचला आणि आठवडाभर डबा घेऊन आमच्या टेबलवर आली नाही. मी तिला समजावून सांगितलं, तिने ऐकलंही, पण मला अजून वाईट वाटतं. एका ‘मोअर’मुळे हे झालं.

आणि घरी लेक दहावीला. तिने ‘कळसूबाई इज हायर दॅन एनी पीक इन महाराष्ट्र’ लिहिलं आणि मार्क गेला. का गेला हे तिला कोणी सांगितलं नाही आणि मलाही सांगता आलं नाही. तर याला काही एक सूत्र आहे का? का पाठच करायचं?

निवांत_कोथरूड

वाचतेय. माझाही हाच प्रॉब्लेम आहे, विशेषतः तो ‘अ’.

माई_सातारा

सिन्नरकर, मी एकतीस वर्षं आठवी ते दहावीला इंग्रजी शिकवलं, तेव्हा लेकीच्या मार्काचं आधी घेते. वाक्यात ‘अदर’ राहिला. ‘हायर दॅन एनी अदर पीक’ पाहिजे. कारण कळसूबाई स्वतः महाराष्ट्रातलंच शिखर आहे. ‘एनी पीक’ म्हटलं की त्यात तीही आली, म्हणजे १६४६ मीटरची कळसूबाई स्वतःपेक्षाच उंच झाली! तेच ‘एव्हरेस्ट इज हायर दॅन एनी पीक इन महाराष्ट्र’ म्हटलं तर अदर नको, कारण एव्हरेस्ट त्या यादीतलं नाहीच.

मुलांना मी फळ्यावर मोठं वर्तुळ काढून दाखवायचे. वर्तुळात सगळी शिखरं, कळसूबाई आत आहे का बाहेर? आत असेल तर अदर लाव. एवढं केलं की पुढच्या बाकापासून मागच्या बाकापर्यंत सगळ्यांना कळायचं. नुसतं ‘नो अदर, ॲज ॲज, दॅन एनी अदर’ असं पाढ्यासारखं म्हणून घेतलं तर परीक्षा झाली की विसरतात.

आणखी एक, ‘साल्हेर इज वन ऑफ द हायेस्ट पीक्स’ यात पीक्स अनेकवचनीच. ‘वन ऑफ द बेस्ट मूव्ही’ हे आता इतकं कानावर पडतं की मुलांना तेच बरोबर वाटायला लागलंय.

गणू_ठाणे

माई, वर्तुळ भारी! माझ्या पोराला आजच दाखवतो.

रेवा_प

त्या मेलबद्दल. मराठीत हा घोळ होत नाही ना? आपल्याकडे ‘आणखी’ वेगळा आणि ‘जास्त’ वेगळा. इंग्रजीत दोन्हीला मोअरच, म्हणून पंचाईत.

शुद्धलेखन_काका

रेवाताई, इथे मी असहमत. ‘आणखी अनुभवी माणसं हवीत’ हे वाक्य घ्या. अजून काही माणसं, का आहेत त्याहून अनुभवी माणसं? दोन्ही अर्थ निघतात. ‘अजून अनुभवी’, ‘अधिक अनुभवी’ सगळ्यांचं तेच. फरक एवढाच की आपल्याला शब्द हलवायची मुभा आहे. ‘अनुभवी माणसं आणखी हवीत’ म्हटलं की संपला प्रश्न. इंग्रजीत मोअरला असं उचलून पलीकडे नेता येत नाही, तो विशेषणाला चिकटून बसतो आणि वाचणाऱ्याला दोन्ही वाटा मोकळ्या राहतात.

बोलताना जोर कुठे दिला यावरून कळतं. लिहिताना जोर कुठून आणणार?

रेवा_प

खरंय काका, ‘अजून अनुभवी’चा विचारच केला नव्हता. मग ‘टू मोअर एक्सपीरियन्स्ड टेस्टर्स’ लिहिलं असतं तर?

शुद्धलेखन_काका

तरीही तेच! दोन अधिक अनुभवी, का आणखी दोन अनुभवी? आकडा घालूनही सुटत नाही. ‘टू ॲडिशनल टेस्टर्स, ॲज एक्सपीरियन्स्ड ॲज द प्रेझेंट फोर’ असं सरळ लिहावं. थोडं लांबतं, पण त्या नऊ वर्षं काम करणाऱ्या ताईंचा मान तरी राहतो.

बंटी_डोंबिवली

मला तर वाटतं एवढा विचार करूच नये. समोरच्याला कळलं की झालं. गोरे लोक स्वतः कुठे व्याकरण बघून बोलतात?

सिन्नरकर

बंटी, पण समोरच्याला कळलंच नाही ना, तोच तर मुद्दा आहे :)

बे_एरियातली_मंजू

‘अ’ कुठे घालायचा यावर लिहिते, कारण इथे आल्यावर पहिली दोन वर्षं मी ‘सो गुड चान्स’ म्हणत होते. आपल्या डोक्यात ‘इतकी चांगली संधी’ असते, ते शब्दाला शब्द उतरतं आणि ‘अ’ गळून जातो. ऑफिसमधल्या एका बाईंनी हळूच सांगितलं तेव्हा कळलं.

तर ॲज, सो, टू, हाऊ, दॅट हे पाच शब्द विशेषणाला स्वतःकडे ओढून घेतात, मग ‘अ’ त्यांच्या मागे आणि नाम शेवटी. ‘ॲज गुड अ कुक ॲज हर’, ‘टू गुड अ चान्स टू मिस’, ‘हाऊ बिग अ हाऊस?’ आणि ‘सच’चं बरोबर उलटं, तो ‘अ’च्या आधी बसतो पण विशेषण ‘अ’च्या नंतरच राहतं. ‘सच अ गुड चान्स’.

एकवचन असेल तरच हे चालतं हं. अनेकवचनाला ‘सो गुड बॉईज’ होत नाही, तिथे ‘सच गुड बॉईज’च म्हणायचं. आणि इथे अमेरिकेत बोलताना मधे ‘ऑफ’ घालतात, ‘नॉट दॅट बिग ऑफ अ डील’. माझी मुलं तसंच बोलतात, मी घरी काही म्हणत नाही, पण शाळेच्या निबंधात ‘दॅट बिग अ डील’ लिही म्हणते.

निवांत_कोथरूड

मंजू, वहीत उतरवून घेतलं. पाच शब्द लक्षात राहतील.

मडगावकार

गोव्यातून हजेरी. आमच्याकडे कोंकणीत ‘परस’ म्हणतात, तुमच्या ‘पेक्षा’च्या जागी. तेही नामाला मागून चिकटतं.

‘सीनियर दॅन मी’ हे ऐकलं की माझे कान टवकारतात. सीनियर, ज्युनियर, सुपीरियर, इन्फीरियर, प्रायर, सगळ्यांना ‘टू’ लागतो. लॅटिनमधून येतानाच त्यांच्यात तुलना भरलेली होती, ते शेवटचं ‘इअर’ म्हणजेच लॅटिनमधलं ‘अधिक’. म्हणून त्यांना मोअरही लागत नाही. प्रीफरचं तसंच, ‘आय प्रीफर टी टू कॉफी’.

वऱ्हाडी_ठसका

आमच्या गावाकडं बी ‘तुह्यापरीस’ म्हंतात बरं का. मडगावकार भाऊ, परस आन् परीस सख्खे भाऊ दिसतात.

मडगावकार

दिसतात खरे! माडाखाली एक आणि संत्र्याखाली एक.

लीड्सची_थंडी

इथे इंग्लंडमधे तर लोक अशा गोष्टींवरून दुकानदाराला पत्रं लिहितात. सुपरमार्केटमधे कमी सामानवाल्यांची वेगळी रांग असते, तिथे पाटी असायची ‘टेन आयटम्स ऑर लेस’. मोजता येणाऱ्या वस्तूंना ‘फ्यूअर’ हवं म्हणून इतकी ओरड झाली की टेस्कोने २००८ साली पाटी बदलून ‘अप टू टेन आयटम्स’ केली. लेसही नको न् फ्यूअरही नको!

गंमत म्हणजे हा नियम काही फार जुना नाही. १७७० साली रॉबर्ट बेकर नावाच्या गृहस्थांनी ‘मला इथे फ्यूअर बरं वाटतं’ अशा सुरात लिहिलं, आणि पुढच्यांनी त्याचा कायदा केला. त्याआधी शेकडो वर्षं लोक मोजायच्या वस्तूंनाही लेस वापरत होते. आपल्याकडे ‘कमी लोक’ आणि ‘कमी पाणी’, दोन्हीला कमी. त्यामुळे मराठी माणूस लेस पीपल म्हणतो त्यात नवल नाही. औपचारिक लिहिताना फ्यूअर पीपल लिहावं, पण त्यावरून कुणाला टोचून बोलू नये असं माझं मत आहे.

‘दॅन आय’ का ‘दॅन मी’ याचंही तेच. पुढे बिशप झालेल्या रॉबर्ट लोथ यांनी १७६२ च्या व्याकरणात दॅनच्या पुढचं क्रियापद मनात धरून रूप ठरवा म्हटलं, म्हणून ‘टॉलर दॅन आय’. आज बोलताना इथे सगळे दॅन मी म्हणतात. मात्र ‘शी लव्ह्ज द डॉग मोअर दॅन मी’ म्हटलं की नवऱ्याची झोप उडते. माझ्यापेक्षा ती जास्त प्रेम करते, का माझ्यावर करते त्यापेक्षा कुत्र्यावर जास्त?

गणू_ठाणे

आमच्याकडे मांजर आहे आणि उत्तर मला माहितीय.

भाषावेडा

सिन्नरकर, तुमच्या मूळ प्रश्नाकडे येतो, कारण तो खरंच चांगला प्रश्न आहे आणि वरच्या सगळ्या उत्तरांत थोडा बाजूला पडला.

मराठीत तुलनेचं सगळं सामान नामाच्या डावीकडे असतं. ‘आमच्यापेक्षा मोठं घर’. कशाशी तुलना ते आधी, त्याला पेक्षा चिकटलेला, मग विशेषण, मग नाम. शिवाय विशेषणाचं रूप बदलत नाही. ‘मोठं’ ते ‘मोठं’च, तुलना असो नसो. म्हणूनच नवशिका ‘ही इज टॉल दॅन मी’ म्हणतो आणि जरा शिकला की धसका घेऊन ‘मोअर टॉलर’ म्हणतो. शेक्सपिअरच्या काळात खुद्द इंग्रजही अशी दुहेरी रूपं सर्रास वापरायचे, पण आज ती चूक धरतात.

इंग्रजी हेच सामान दोन भागात तोडतं. अर्धं नामाच्या आधी, अर्धं नंतर. ‘अ बिगर’ इकडे, ‘दॅन अवर्स’ तिकडे, मधे ‘हाऊस’. पालखीसारखं समजा, नाम पालखीत बसलंय आणि भोई पुढेही आहेत, मागेही आहेत. हे एकदा डोळ्यासमोर आलं की नाम कुठे ठेवायचं हा प्रश्न राहत नाही.

पण यात एक खाच आहे आणि ती मला फार आवडते. नाम असं मधे बसवलं की दॅनच्या पुढची वस्तूही त्याच जातीची होऊन जाते. जोन ब्रेझनन या भाषाशास्त्रज्ञ बाईंनी १९७३ च्या एका लेखात हे दाखवलं होतं. आपल्या घरातलं उदाहरण घेऊ. ‘भावापेक्षा हुशार मुलगी’. मराठीत काहीच खटकत नाही. आता इंग्रजीत ‘अ क्लेव्हरर गर्ल दॅन हर ब्रदर’ म्हटलं तर भाऊही मुलगी ठरतो! तिथे नाम उचलून पुढे घ्यावं लागतं, ‘अ गर्ल क्लेव्हरर दॅन हर ब्रदर’. आता तुलना फक्त हुशारीची झाली, भावाला काही झालं नाही.

सगळ्यात छान उदाहरण आपल्या म्हणीतच आहे. नाकापेक्षा मोती जड. ‘अ हेव्हिअर पर्ल दॅन द नोज’ म्हणून बघा, नाकाचाच मोती होतो. ‘अ पर्ल हेव्हिअर दॅन द नोज’ म्हणावं लागतं. मराठीला दोन्ही जातींमधे उडी मारायला काही अडचण नाही, पेक्षा लावला की मोती आणि नाक एकाच तराजूत. इंग्रजी आधी विचारतं, दोघं एका जातीचे का?

म्हणून सूत्र एवढंच. दोन्ही वस्तू एकाच नावाच्या असतील तर नाम मधे (घर आणि घर, ‘अ बिगर हाऊस दॅन अवर्स’). वेगळ्या असतील तर नाम पुढे आणि सगळी तुलना मागे.

माई_सातारा

भाषावेडा, एकतीस वर्षांत हे मला कोणी असं सांगितलं नाही आणि मीही मुलांना असं सांगितलं नाही. फार सुंदर. नथ घालून ही म्हण हजारदा ऐकलीय हो मी.

वऱ्हाडी_ठसका

मंग चहापेक्षा किटली गरम?

भाषावेडा

‘अ केटल हॉटर दॅन द टी’. ‘अ हॉटर केटल दॅन द टी’ म्हटलं तर चहा म्हणजे किटली झाली. वऱ्हाडी भाऊ, पास!

रेवा_प

माझ्या मामेबहिणीच्या बायोडेटात अपेक्षा या सदरात लिहिलं होतं, ‘टॉलर बॉय दॅन द गर्ल’. तेव्हा काहीतरी खुपत होतं पण काय ते सांगता येत नव्हतं. आज कळलं.

बंटी_डोंबिवली

आता मलाही इंटरेस्ट आला. मग ‘पुणेज क्लायमेट इज बेटर दॅन मुंबई’ यात पण जात चुकली का?

भाषावेडा

अगदी! पुण्याची हवा आणि मुंबई शहर. हवेशी हवेची तुलना पाहिजे, म्हणून ‘दॅन मुंबईज’ किंवा ‘दॅन दॅट ऑफ मुंबई’. ‘पुण्याची हवा मुंबईपेक्षा चांगली’ हे मराठीत चालून जातं, ऐकणारा मनातल्या मनात ‘हवेपेक्षा’ भरून घेतो. इंग्रज बोलताना असं चालवून घेतातही, लिहिताना मात्र दाखवून देतात.

बंटी_डोंबिवली

व्याकरण मान्य. पुण्याची हवा चांगली हे मान्य नाही.

निवांत_कोथरूड

बंटी, ये एकदा डिसेंबरात, मग बोलू.

गणितवाला_सोलापूर

ऑफिसात रोज दिसणारा आणखी एक प्रकार, ‘मोअर नंबर ऑफ स्टुडंट्स’. मोअर स्टुडंट्स एवढं पुरतं, नाहीतर ‘अ लार्जर नंबर ऑफ स्टुडंट्स’. संख्या मोठी किंवा लहान असते, ती ‘जास्त’ नसते. आपण ‘जास्त संख्येने’ म्हणतो, तिथून हे येतं. मी स्वतः पेपर सेट करताना दोनदा वाचून काढतो.

आणि ‘मोअर दॅन वन स्टुडंट हॅज फेल्ड’ यात हॅज का, हे मला गणिताच्या माणसाला कधीच पटलं नाही. एकापेक्षा जास्त म्हणजे किमान दोन!

शुद्धलेखन_काका

तिथे क्रियापद जवळच्या ‘वन स्टुडंट’कडे बघतं, एकूण बेरजेकडे नाही. मराठीत ‘एकापेक्षा जास्त विद्यार्थी नापास झाले’, अनेकवचनच. सोलापूरकर, या एका बाबतीत मराठी तुमच्या गणिताच्या बाजूची आहे.

लीड्सची_थंडी

‘मोअर ऑफ अ’ राहिलं की! मला हे इंग्रजीतलं सगळ्यात कामाचं वाटतं. ‘ही इज मोअर ऑफ अ सिंगर दॅन ॲन ॲक्टर’. इथे दोन माणसांची तुलना नाही, एकाच माणसाला कुठलं नाव जास्त शोभतं त्याची आहे. आपल्याकडे ‘नट कमी, गायक जास्त’. परवा शेजारीण बाग लावायला मदतीला आली आणि माझी रोपंच तण समजून उपटून गेली. मनात आलं ‘मदत कमी, लुडबुड जास्त’. आणि लगेच इंग्रजीत जुळलं, ‘मोअर ऑफ अ न्यूसन्स दॅन अ हेल्प’. कमी-जास्त, किती नेमकं बसतं बघा.

रेवा_प

किती छान! आणि ‘द लेसर ऑफ टू ईव्हिल्स’ म्हणजे दगडापेक्षा वीट मऊ.

गणू_ठाणे

एक कोडं टाकतो. भाषाशास्त्रवाल्यांमधे प्रसिद्ध वाक्य आहे. ‘मोअर पीपल हॅव बीन टू रशिया दॅन आय हॅव.’ पटकन वाचा आणि अर्थ सांगा.

निवांत_कोथरूड

माझ्यापेक्षा जास्त लोक रशियाला जाऊन आलेत. सोपं आहे की. थांबा... मी एक, लोक जास्त... नाही, काहीच अर्थ नाही याला!

बंटी_डोंबिवली

मी तीनदा वाचलं. पहिल्यांदा कळलं, दुसऱ्यांदा कमी कळलं, तिसऱ्यांदा काहीच नाही.

भाषावेडा

हेच ते! १९८४ साली मारिओ मॉन्टालबेटी यांच्या प्रबंधात हे छापून आलं, फक्त तिथे रशियाच्या जागी बर्लिन होतं. ‘मोअर पीपल’ आणि ‘दॅन आय हॅव’ हे दोन्ही तुकडे एकेकटे अगदी ओळखीचे, म्हणून मेंदू त्यांना जोडून पुढे जातो. पण लोकांच्या संख्येची तुलना ‘मी गेलो’ याच्याशी होऊच शकत नाही. मराठीत ‘मी गेलोय त्यापेक्षा जास्त लोक रशियाला गेलेत’ असं करून बघा, माझ्या कानाला ते पहिल्या झटक्यातच अडखळतं, कारण ‘त्यापेक्षा’ आधीच येऊन विचारतो, कशापेक्षा? तुम्हाला काय वाटतं?

माई_सातारा

मलाही लगेच अडखळलं. निवांतने केलेलं ‘माझ्यापेक्षा जास्त लोक’ मात्र क्षणभर फसवून गेलं.

सिन्नरकर

मंडळी, आत्ता सगळं सलग वाचून काढलं. मनापासून आभार, विशेषतः माई, काका, मंजू आणि भाषावेडा.

दोन गोष्टी केल्या. क्लायंटला काकांचं वाक्य जसंच्या तसं पाठवलं आणि आमच्या टेस्टर ताईंना कॉपीत ठेवलं. ‘ॲज एक्सपीरियन्स्ड ॲज द प्रेझेंट फोर’ वाचून त्यांनी मला नुसता अंगठा पाठवला. पण आज डबा आमच्या टेबलवर उघडला. मेथीची भाजी होती.

दुसरं, रात्री लेकीला वर्तुळ काढून दाखवलं आणि मग नाकापेक्षा मोती जड सांगितलं. ती म्हणाली, मी पण एक करते. पाच मिनिटांनी वही आणून दाखवली. ‘अ पिलो सॉफ्टर दॅन आजीज पोळी’. खाली स्वतःच लिहिलं होतं, ‘नॉट अ सॉफ्टर पिलो, बिकॉज पोळी इज नॉट अ पिलो’. आई आतून ओरडली, माझ्या पोळीपेक्षा मऊ उशी आहे कुठे या घरात?

बरोबर आहे ना हे?

माई_सातारा

पैकीच्या पैकी. आणि आजीचंही बरोबर.